ग्रिफी सोडून बाकी सगळे

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीतल्या एका आजोबांनी गॅरेज सेल लावला होता. सिएटलच्या आसपास राहणाऱ्यांना माहितीये, इथे वर्षातले बरेचसे महिने पावसाची रिपरिप सोसून लोक इतके कावलेले असतात की जुलैत ऊन पडलं रे पडलं की निम्मं घर ड्राइव्हवेवर आणून मांडतात. मी गेले होते एक बरासा टेबल लॅम्प मिळतो का बघायला आणि परत आले ते पिवळट पडलेला सुपर निन्टेन्डो, म्हणजे नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम घेऊन. सोबत दोन कंट्रोलर, वायरींचा गुंता आणि करड्या रंगाचं एकच कार्ट्रिज, त्याचं लेबल कोपऱ्यातून सोललेलं, पण नाव ठळक दिसत होतं, केन ग्रिफी ज्युनियर प्रेझेंट्स मेजर लीग बेसबॉल. आजोबा म्हणाले, मुलाचं आहे, तो आता टेक्सासला असतो, घेऊन जा, द्यायचं ते द्या. नवऱ्याने घरी आल्यावर नेहमीप्रमाणे "अजून एक कचरा" असा चेहरा केला आणि मग तासाभराने तोच टीव्हीच्या मागे आडवा पडून पिवळी-लाल-पांढरी पिन कुठे जाते ते शोधत होता.

चालू झालं हो. कार्ट्रिज काढून फुंकर मारून परत घातल्यावर झालं, आणि ती फुंकर मारायची कशी हे मला सांगलीत शिकलेलं आठवत होतं, पोराला यूट्यूबवर बघावं लागलं. आजच्या मोठ्या टीव्हीवर ते चित्र इतकं फुगलेलं आणि धूसर दिसतं की आधी वाटतं आपलाच चष्मा पुसायला हवा. खेळाडू सगळे पैलवानासारखे, छाती आणि दंड हे एवढे, पाय त्यामानाने काटकुळे. पोराने टीम निवडायच्या आधी जे समोर आलं ते दाबत सुटल्यावर कुणाचा तरी जुना सीझन उघडला. आतली बॅटरी अजून जिवंत होती. कुणीतरी तीस वर्षांपूर्वी वीसेक मॅच खेळून सोडून दिलेला सीझन, आणि सिएटलची आख्खी टीम त्याने स्वतःच्या हाताने नावं बदलून ठेवलेली. ब्यूनरच्या स्पेलिंगमधला एच गाळलेला. जॉन्सन बरोबर. बेंचवरच्या एका खेळाडूला नुसतंच पहिलं नाव, आडनाव नाही, ते बहुतेक त्या मुलाचं स्वतःचं. इतर टीम जशाच्या तशा होत्या, न्यूयॉर्कच्या तेवढ्या पहिल्या चार-पाच जणांपर्यंत हात पोचला होता आणि मग कंटाळा आला असावा किंवा जेवायला हाक आली असावी.

"आई, हे उडवून नवीन चालू करू ना?"

मी म्हटलं थांब. का थांब ते मला सांगता येईना. तो माझ्याकडे बघत राहिला, कंट्रोलर हातात, अंगठा त्या बटणावर. शेवटी मी फोन काढला आणि टीव्हीसमोर मांडी घालून एकेक स्क्रीनचा फोटो काढला, नावांची आख्खी यादी, आणि मग म्हटलं कर काय करायचं ते. पुढे एकदा संध्याकाळी चालायला गेल्यावर आजोबा भेटले तेव्हा मी कौतुकाने ते फोटो दाखवले. ते हसले, म्हणाले त्याला आठवणारसुद्धा नाही, आणि त्यांच्या टोमॅटोंबद्दल बोलायला लागले. म्हणजे ज्यांचं होतं त्यांना काही नाही आणि मी उगाच त्या नावांना कवटाळून बसलेली. पण डोक्यातून जाईना ते. एका मुलाने एवढ्या नावांची दुरुस्ती करायची वेळच का यावी?

तर त्याचं असं आहे. १९९४ साली हे कार्ट्रिज आलं तेव्हा निन्टेन्डोकडे लीगचं लायसन्स होतं, म्हणजे टीमची नावं, लोगो, कपडे सगळं खरं. खेळाडूंच्या युनियनचं लायसन्स मात्र नव्हतं. आणि अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची नावं वापरायची तर ती युनियनकडून एकगठ्ठा घ्यावी लागतात, मग ते खेळाडूंचे फोटो आणि आकडे छापलेले पत्ते असोत, खेळणी असोत की व्हिडिओ गेम. सिएटलचा स्टार ग्रिफी, त्याच्याशी वेगळा करार झाला म्हणून ग्रिफी तेवढा खरा. बाकी शेकडो खेळाडू आहेत, त्यांचे आकडे खरे, कोण डावखुरा कोण उजवा ते खरं, कोण किती दांडगा ते खरं, पण नावं बनावट. त्यातही गेम बनवणाऱ्यांनी मजा करून घेतलीये, टीमगणिक काहीतरी थीम ठरवून नावं ठेवलीत, कुठे सिनेमावाले, कुठे गाणंबजावणंवाले. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, दिवसभर खोटी माणसं तयार करणं हे माझं कामच आहे, त्यामुळे मला त्या अनोळखी प्रोग्रॅमरबद्दल एकदम आपलेपणा वाटला. आपल्यालाही दोनशे डमी ग्राहक बनवायला सांगितले की पहिले दहा टेस्ट वन टेस्ट टू होतात आणि मग कंटाळून माणूस शाळेतल्या बाईंपासून पुलंच्या पात्रांपर्यंत सगळ्यांना कामाला लावतो. माझ्या एका जुन्या डेटाबेसमध्ये अंतू बर्वे नावाचा इसम अजून क्रेडिट कार्डाचं बिल थकवून बसलेला असेल.

गंमत म्हणजे याच्या बरोब्बर उलटी केस आधी होऊन गेली होती. १९८८ मधला आर.बी.आय. बेसबॉल, टेन्जेन कंपनीचा. त्यांच्याकडे युनियनचं लायसन्स होतं आणि लीगचं नव्हतं. म्हणून खेळाडू सगळे खरे पण टीमला नाव नाही, नुसतं बोस्टन, डेट्रॉइट, ह्यूस्टन असं गाव लिहायचं. एकीकडे माणसं खरी आणि कपडे बेनामी, दुसरीकडे कपडे खरे आणि आतली माणसं बेनामी. टीम मालकांची, नाव खेळाडूचं, आणि दोघांचं पटत नसलं की मधल्यामध्ये कार्ट्रिज अर्धंच भरतं. आपल्याकडच्यांना हे काही नवीन नाही म्हणा. ईए या गेम कंपनीचं क्रिकेट ०७ ज्यांनी सायबर कॅफेत नाहीतर हॉस्टेलवर खेळलंय त्यांना भारताच्या टीममधली ती वाकडीतिकडी नावं आठवत असतील, आणि मग कुणीतरी पेन ड्राइव्हवर आणलेला पॅच टाकला की सगळे आपापल्या नावाने उभे राहायचे. तो पॅच बनवणारं पोरगं आणि या कार्ट्रिजमधलं एच गाळणारं पोरगं, दोघं एकाच जातकुळीतली.

आमच्या ऑफिसच्या टीममध्ये एक जण इथल्या जवळच्याच टॅकोमा गावचा आहे, माझ्याच वयाचा. त्याला मी लंचला सहज हे सांगितलं तर गडी जेवण विसरला. म्हणे आम्ही दोघा भावांनी आख्ख्या अमेरिकन लीगची नावं बदलली होती, मोठा भाऊ बेसबॉलचे पत्ते हातात घेऊन मागचे आकडे वाचायचा आणि हा स्क्रीनवर तेच आकडे कुणाचे आहेत ते शोधायचा. अॅव्हरेज जुळलं, होमरन जुळले, की हा तोच, घाल नाव. कीबोर्ड नव्हताच, कंट्रोलरचे बाण दाबत दाबत अक्षरापर्यंत जायचं, बटण दाबायचं, परत पुढच्या अक्षराकडे. लांब आडनावाच्या खेळाडूंवर त्यांचा राग होता. मी विचारलं खेळायचात कधी मग? तो म्हणाला खेळ हा नंतरचा भाग. मला हे फार आवडलं. म्हणजे खोट्या नावांमुळे त्या पोरांना प्रत्येक खेळाडूचं आख्खं करिअर वाचावं लागलं, आयती खरी नावं असती तर कोण कशाला मागचे आकडे बघत बसलंय? पण हे असलं समाधान आपलं बाहेरून बघणाऱ्याचं, ज्या खेळाडूचं नाव नाही त्याला याचं काय कौतुक असणार.

आणि ग्रिफी म्हणजे तरी कोण, तर तेव्हाचा सगळ्यात हवाहवासा पोरगा. टोपी उलटी घालणारा, कायम हसणारा, आणि बॅट फिरवायची ती अशी की बेसबॉलमधलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसालाही कळावं की हे सुंदर आहे. मी त्याचे जुने व्हिडिओ बघितले तेव्हा मला गुंडाप्पा विश्वनाथचा स्क्वेअर कट आठवला, जो मी स्वतः कधीच बघितला नाही, फक्त बाबांच्या तोंडून ऐकलाय. १९८९ मध्ये सिएटलकडून आला, वय एकोणीस, आणि त्याच वर्षी अप्पर डेक कंपनीच्या पहिल्यावहिल्या सेटमधला पहिल्या नंबरचा पत्ता त्याचा. त्याच्या नावाचं चॉकलेटही काढलं होतं तेव्हा, आणि स्वारीला चॉकलेटची ॲलर्जी! पुढच्या वर्षी त्याचे वडील, तेही केन ग्रिफीच, त्याच टीममध्ये आले आणि १४ सप्टेंबर १९९० ला बापलेकांनी लागोपाठ होमरन मारले. आधी बापाने, मग लेकाने. एवढी गोष्ट ऐकल्यावर जाहिरातवाल्यांनी त्याच्या दारात रांग लावली नसती तरच नवल.

पण अशी एका माणसाच्या नावावर विकलेली कार्ट्रिजं तेव्हा ढिगाने होती. रेजी जॅक्सन बेसबॉल, टॉमी लसोर्डा बेसबॉल, नोलन रायन्स बेसबॉल, रॉजर क्लेमन्सचा, कॅल रिपकिनचा. यातला लसोर्डा तर खेळाडू म्हणून नव्हे, लॉस एंजेलिस डॉजर्सचा मॅनेजर म्हणून नावाजलेला, आणि तोच गेम जपानात सुपर लीग या नावाने विकला जात होता, तिथे लसोर्डांचा पत्ता नाही. रेजी जॅक्सनचंही तसंच, युरोपात तोच गेम नुसता अमेरिकन बेसबॉल. म्हणजे आतला खेळ आधीपासून तयार, वर ज्या देशात जो देव चालतो त्याचा फोटो. क्रिकेटमध्येही हेच की, ब्रायन लाराचं क्रिकेट ऑस्ट्रेलियात शेन वॉर्नच्या नावाने गेलं होतं. खेळ तोच, फक्त इकडे बॅट्समन आणि तिकडे बॉलर. मला यातला एकच माणूस जरा वेगळा वाटतो, अर्ल वीव्हर. बाल्टिमोरचा हा तापट मॅनेजर, त्याच्या नावाने १९८७ मध्ये ईएने गेम काढला तेव्हा तो करणाऱ्यांनी त्याच्याबरोबर बसून विचारून घेतलं की अमुक वेळी पिचर बदलायचा का, तमुक वेळी काय करायचं, आणि ते डोकं गेममध्ये उतरवायचा प्रयत्न केला. नुसता चेहरा भाड्याने देणं आणि आपलं डोकं देणं यात फरक आहे, निदान मला तरी तो मोठा वाटतो. बाकी नावांचं पुढे काय होईल ते कुणी सांगावं. क्लेमन्सवर उत्तेजक औषधांचे आरोप झाले, ते त्याने कायम नाकारले, पण बेसबॉलमधल्या थोरांच्या हॉल ऑफ फेमचं दार काही उघडलं नाही आणि ते कार्ट्रिज आता लोक डोळा मारून एकमेकांना दाखवतात. ग्रिफीचं मात्र नाव स्वच्छ राहिलं, २०१६ मध्ये तो ४४० पैकी ४३७ मतांनी आत गेला. निन्टेन्डोने पैज मारली तो घोडा चांगला निघाला एवढंच, त्यात शहाणपण किती आणि नशीब किती कोण जाणे.

आणि पैज तरी कुठे, टीमच त्यांची होती.

हे मला इथे राहायला येऊन कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. निन्टेन्डोचं अमेरिकेतलं ऑफिस रेडमंडला, आमच्या येण्याजाण्याच्या टापूत. १९९२ साली ग्रिफीची ही सिएटल मरिनर्स टीम विकून फ्लोरिडाला नेण्याच्या गोष्टी चालल्या होत्या, तेव्हा इथल्या सिनेटरने निन्टेन्डोकडे शब्द टाकला आणि क्योटोला बसलेले हिरोशी यामाउची पैसे द्यायला तयार झाले. जपानी माणूस अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ विकत घेतो म्हटल्यावर बाकी मालकांनी बराच गहजब केला, मग यामाउचींच्या हातात मताधिकार निम्म्याहून कमी राहील अशी व्यवस्था करून परवानगी मिळाली. आणि या यामाउचींनी, असं सगळीकडे लिहिलेलं आहे, स्टेडियममध्ये बसून मरिनर्सची एकही मॅच कधी बघितली नाही. २०१३ मध्ये गेले. मला हा माणूस समजत नाही आणि तरी भारी वाटतो. आवड नाही, हौस नाही, ज्या गावाने आपल्या कंपनीला जागा दिली त्याचं देणं म्हणून टीम घेतली म्हणे. आणि त्या टीमच्या लाडक्या पोराचं नाव लावलेला हा गेम बनवला कुणी, तर मँचेस्टरच्या सॉफ्टवेअर क्रिएशन्सने. दोन वर्षांनी आलेला दुसरा गेम, विनिंग रन, तो केला रेअरने, लेस्टरशायरमधल्या ट्वायक्रॉस नावाच्या खेडेगावात बसून. जपानचा पैसा, अमेरिकेचा खेळ आणि कोड लिहिणारे इंग्लंडचे, जिथे दर रविवारी गावोगावी क्रिकेट चालतं. बॉल टाकल्यानंतर हवेतल्या हवेत बाणाने वळवता येतो हे त्या गेममध्ये बघितलं तेव्हा मला तर पक्का वास आला की हा कुणीतरी स्विंग बॉलिंगवर वाढलेल्या माणसाने केलाय. असेल नसेल, आपला संशय.

आमच्या घरी सांगलीत जो टीव्ही गेम होता तो डुप्लिकेट, त्याला कंपनी नव्हतीच म्हणा. त्याच्या कार्ट्रिजवर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम लिहिलेले असायचे आणि खरे दहा-बारा, बाकी तेच तेच परत. त्यात बेसबॉल होता. निन्टेन्डोचा १९८३ चा तो पहिला, हे आता कळलं. मी आणि दादा तो क्रिकेट समजून खेळायचो. स्टंप कुठायत हे शोधण्यात पहिला आठवडा गेला असेल. बॅट्समन पळाला की दादा ओरडायचा "दोन काढ, दोन काढ" आणि तो गडी चौकोनात फिरून परत घरीच यायचा, मग दादा म्हणायचा हा येडा आहे. त्या गेममध्ये कुणालाच नाव नव्हतं. टीमलासुद्धा नुसतं एक अक्षर, सी, डी असं. आम्ही मग सी म्हणजे चिंचवड आणि डी म्हणजे दादर असं ठरवून टाकलं आणि दादरचा एक पिचर होता, म्हणजे सगळे पिचर तोच एक चेहरा होता, त्याला दादा कांबळी म्हणायचा. कांबळी डावखुरा होता म्हणून असेल, किंवा नसेलही, त्या वर्षी सगळ्या घरात सगळे कांबळीच होते. आम्ही नावं दुरुस्त करत नव्हतो, कोऱ्या कागदावर लिहीत होतो. त्यात कुणावर अन्याय वगैरे होण्याचा प्रश्नच नव्हता.

इथल्या पोरांचं तसं नव्हतं, कारण त्यांना खरी माणसं समोर दिसत होती. आणि त्या १९९४ च्या उन्हाळ्यात तर खरी माणसं दिसायची बंदच झाली. आधी जुलैत मरिनर्सच्या स्टेडियमच्या, किंगडोमच्या, छताच्या फरश्या खाली पडल्या, मॅच सुरू व्हायच्या आधी, म्हणून वाचले लोक. मग मरिनर्स नुसते बाहेरगावी खेळत फिरत राहिले. आणि १२ ऑगस्टला संप. मालकांना पगारावर मर्यादा हवी होती, युनियनने नाही म्हटलं, खेळ थांबला तो थांबलाच, सप्टेंबरमध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनलसुद्धा रद्द झाली, नव्वद वर्षांत पहिल्यांदा. ग्रिफी तेव्हा ४० होमरनवर होता. सॅन फ्रान्सिस्कोचा मॅट विल्यम्स ४३ वर, आणि एका सीझनचा विक्रम ६१ चा, तोही मोडला असता की काय यावर लोक अजून भांडतात. सॅन दिएगोचा टोनी ग्विन .३९४ च्या अॅव्हरेजवर अडकला, .४०० च्या इतका जवळ. टॅकोमावाला सांगत होता, त्यांच्याकडे सीझन चालूच होता. कार्ट्रिजमध्ये १६२ मॅचचा आख्खा सीझन आहे, तिथे कुणी संप करत नाही. दोघा भावांनी ग्रिफीला विक्रम मोडायला लावला आणि वर अजून वीसेक जास्तीचे मारले. ज्या युनियनने नावं दिली नाहीत म्हणून त्यांनी पत्ते बघून नावं भरली, त्याच युनियनने खेळ थांबवला, आणि हे पोरगं तेव्हा युनियनवर जाम चिडलं होतं. आज तोच ऑफिसात लेऑफ झाले की आम्हाला युनियन का नाही म्हणून सगळ्यात मोठ्याने बोलतो.

मला खरं तर युनियनवाल्यांचं पटतं. बेसबॉलच्या पत्त्यांवर खेळाडूंचे फोटो छापून कंपन्यांनी वर्षानुवर्षं पैसा केला आणि खेळाडूला किरकोळ काहीतरी टेकवलं, तेव्हापासून हे एकगठ्ठा लायसन्सचं प्रकरण सुरू झालं. स्टारला एकट्याला करार परवडतो. बेंचवरच्या पंचविसाव्या खेळाडूचं नाव वेगळं विकायला गेलं तर घेणार कोण? सगळ्यांचं मिळून विकलं तर त्यालाही वाटा मिळतो. हे सगळं कळतं. तरीपण सोफ्यावर बसून ग्रिफीला घेऊन तो पल्लेदार बॅट फिरवली, बॉल उंच गेला, की मनातल्या मनात युनियन बिनियन सगळं बाजूला राहतं आणि तोंडातून "गेला!" निघतं. माणूस दोन्हीकडचा असतो.

विनिंग रनबद्दल एवढंच सांगते की त्या नावामागे १९९५ आहे, निदान सिएटलची माणसं ते नाव ऐकून तिथेच पोचतात. मे महिन्यात ग्रिफी कॅच घेताना किंगडोमच्या भिंतीवर असा आदळला की मनगट मोडलं, प्लेट आणि स्क्रू घालावे लागले. कार्ट्रिजमध्ये आपण त्याला बिनधास्त भिंतीवर चढवतो, परत खाली उतरून तो पळायला मोकळा. खरा ग्रिफी ऑगस्टमध्ये परतला, आणि ८ ऑक्टोबरला न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेच्या शेवटच्या मॅचमध्ये एडगर मार्टिनेझने डावीकडे बॉल मारला आणि ग्रिफी पहिल्या बेसवरून जो सुटला तो थांबलाच नाही, घरी येऊन घसरला आणि वर सगळी टीम पडली, त्या ढिगाऱ्याच्या तळाशी त्याचं हसू दिसतं. इथे त्या फटक्याला नुसतं द डबल म्हणतात, कुठला डबल असं विचारणारा माणूस नवीन आलाय हे लगेच ओळखू येतं. मी विचारलं होतं.

पुढे १९९८ मध्ये निन्टेन्डोच्या एन ६४ या नव्या मशीनवर ग्रिफीचा तिसरा गेम आला तोपर्यंत युनियनचंही लायसन्स होतं, सगळी नावं खरी, कुणाला काही भरायचं कारण उरलं नाही. टॅकोमावाला म्हणतो तो गेम चांगला होता, पण त्याबद्दल सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नाही. आणि नंतर तर गाडी अजून उलटी फिरली. बॅरी बाँड्स युनियनच्या एकगठ्ठा करारातून बाहेर पडला, म्हणून ईएच्या एमव्हीपी बेसबॉल २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टीममध्ये सगळे खरे आणि बाँड्सच्या जागी जॉन डाउड नावाचा कुणीतरी गोरा इसम. आकडे बाँड्सचे, ताकद बाँड्सची, नाव-चेहरा भलताच. १९९४ ला सगळ्यात मोठा स्टार तेवढा खरा होता, २००५ ला सगळ्यात मोठा स्टार तेवढा खोटा. आणि लोकांना तो डाउड इतका आवडला की त्याच्या नावाचे टी-शर्ट निघालेत म्हणे, मी स्वतः एकदा ऑनलाइन बघितला आणि घेता घेता राहिले.

मी हे सगळं जेवताना सांगत असते आणि पोरगा ऐकून घेतो, कारण त्याला पर्याय नसतो. सध्या त्याचा लाडका खेळाडू ग्रिफी नाहीच. शिकागो व्हाइट सॉक्सचा एक दांडगा फर्स्ट बेसमन आहे त्या कार्ट्रिजमध्ये, त्याच्यावर त्याचा जीव आहे. नाव अर्थातच बनावट. मी त्याला मोठ्या उत्साहाने सांगायला गेले की अरे हा खरा फ्रँक थॉमस, १९९३ आणि १९९४ दोन्ही वर्षी लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, हॉल ऑफ फेममध्ये आहे, बिग हर्ट म्हणायचे त्याला, आणि ऐक तर, १९९५ मध्ये याच मशीनवर त्याच्या स्वतःच्या नावाचा वेगळा गेम आला होता, म्हणजे ज्याला इथे नाव नाही तो वर्षभरात दुसऱ्या डब्यावर जाऊन बसला. आपण बदलूया का नाव? मी टाइप करून देते.

तो म्हणाला नको.

अरे पण खरं नाव आहे त्याचं. "तो वेगळा गं," तो म्हणाला, "हा माझा आहे." मी म्हटलं आकडे त्याचेच आहेत सगळे, अॅव्हरेज बघ, होमरन बघ, हवं तर पत्ता मागवते ईबेवरून. त्यावर त्याने शांतपणे सांगितलं की त्याच्या सीझनमध्ये हा आत्ताच ३१ होमरनवर आहे, फ्रँक थॉमसने एवढ्या मॅचमध्ये केले असते का? मी मोबाइल काढून बघायला लागले, आणि नवरा म्हणाला आधी भाजी वाढ त्याला.